बाँडच्या हातात कुठली शोभते: पीपीके की पी९९?

दादरला कटिंगवर आमचा हा वाद हमखास रंगतो. जेम्स बाँडची ही पिस्तुलं दोन्ही वाल्थर या जर्मन कंपनीचीच, पण स्वभाव वेगळा.

पीपीके १९६२ च्या 'डॉ. नो'पासूनची. त्यात एम, म्हणजे बाँडचा साहेब, त्याच्याकडून जुनं बेरेटा पिस्तूल काढून घेतो आणि हिच्यावर बोळवण करतो. (गंमत म्हणजे पडद्यावर दिसते ती तिची थोडी मोठी बहीण, पीपी!) पोलादी, जेमतेम साडेपंधरा सेंटीमीटर लांब, ७.६५ मिमीच्या सात गोळ्या. कोटाखाली लपते, फुगवटा दिसत नाही. हेराला आणखी काय हवं? शिवाय हिची नळी जागेवर घट्ट असते, मागेपुढे होत नाही. त्यामुळे सायलेन्सर लावला तरी यंत्रणा कुरकुरत नाही.

पी९९ आली १९९७ च्या 'टुमॉरो नेव्हर डाइज'मध्ये. पॉलिमरची बॉडी, ९ मिमीची गोळी, मॅगझीनमध्ये पीपीकेच्या दुपटीहून जास्त गोळ्या. तेव्हाचा बाँड पिअर्स ब्रॉस्ननच्या धडाकेबाज मारामाऱ्यांना ती शोभली. डॅनियल क्रेगच्या 'कसिनो रोयाल'मध्येही तीच होती. पुढच्याच चित्रपटात, २००८ ला, तो पीपीकेकडे परतला.

खऱ्या चकमकीत मी डोळे झाकून पी९९ घेईन. पण पडद्यावर? टक्सिडोमध्ये पी९९ म्हणजे लग्नाच्या शेरवानीवर स्पोर्ट्स शूज. मित्र म्हणतो, सात गोळ्यांत कसला क्लायमॅक्स होतो? अरे, बाँडचा नेम चुकतोच कधी!