तीन इंची फुल रेंज स्पीकर: एक उन्हाळा काढल्यावर

डॅशवरचा डावा स्पीकर मे महिन्यात घरघरायला लागला. सर्व्हिसवाल्याने फोनवर सांगितलं, "सर, उष्णतेने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही." कार स्पीकर म्हणून विकलेली वस्तू, लावायची डॅशवर, आणि डॅशवर ऊन येतं हे कंपनीला नवीन! जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तो काय मी चढवतो? त्या दिवशी लिहिलं असतं तर एक तारा देऊन मोकळा झालो असतो. आता राग जरा उतरलाय, त्यामुळे नीट सांगतो. कंपनीचं नाव मात्र लिहीत नाही, भांडण अजून चालू आहे.

आधी हे घेतले का ते. माझं काम फिरतीचं. चोपडा, अमळनेर, पारोळा, शिरपूर, कधी शहाद्यापर्यंत. गाडीत गाणी कमी आणि कीर्तन, बातम्या, क्रिकेटची कॉमेंटरी जास्त. गाडी बेस मॉडेल, पुढचे दोन्ही स्पीकर दारात खाली. कीर्तनकार माझ्या गुडघ्यापाशी बसून बोलतात असं वाटायचं. डॅशच्या दोन्ही कोपऱ्यांत कंपनीने जाळ्या दिल्यात, आत नुसती पोकळी. तिथे ट्विटर, म्हणजे फक्त बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, लावायचा सल्ला सगळ्यांनी दिला. पण ट्विटर सुरू होतो तीन-चार हजार हर्ट्झच्या वर. माणसाच्या आवाजाचा गाभा खालीच, दारात राहतो आणि वर येतो फक्त "स" आणि "श". तीन इंची फुल रेंजचा मुद्दा हाच, की तीनशेच्या आसपास सुरू होऊन वरपर्यंत एकच पडदा वाजतो. बोलणारा माणूस मधून तुटत नाही.

वॅटच्या आकड्यांवर मी वेळ घालवला नाही, तुम्हीही घालवू नका. प्लेअरवर "५० वॅट गुणिले ४" लिहिलेलं असतं. गाडी चालू असतानाच्या १४.४ व्होल्टचा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहमने भागा, ५१ वॅटच्या वर उत्तर येतं. तो आकडा पूर्ण चौकोनी लहरीचा, म्हणजे फाटलेल्या आवाजाचा. स्वच्छ आवाजात त्याच व्होल्टेजवर कागदावरची कमाल निघते २६ वॅट, आणि प्रत्यक्षात बहुतेक प्लेअर पंधरा-वीसच्या आसपास थांबतात. डब्यावर शंभर वॅट छापलेला तीन इंची स्पीकर बघितला की हसू येतं.

ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, मात्र बघा. घरच्या हायफायवाल्यांचे लाडके छोटे ड्रायव्हर (म्हणजे सुटे स्पीकर), पीअरलेसचा टीसी९ किंवा डेटनचा पीएस९५, हे ८ ओहमचे. वाजतात छान, पण गाडीच्या प्लेअरकडून त्यांना साधारण निम्मीच पॉवर मिळते. वेगळा अँप्लिफायर असेल तर काही बिघडत नाही. माझ्याकडे नव्हता आणि घ्यायचाही नव्हता, म्हणून ४ ओहमची जोडी, कागदी कोन (म्हणजे हलणारा पडदा), रबरी कड, ३,४०० रुपये. ॲल्युमिनियम कोनचे एका मित्राच्या गाडीत ऐकले होते. धातूचा छोटा कोन वरच्या टोकाला टोचतो, त्यात डॅशचा आवाज समोरच्या काचेवर आपटून येतो. बातम्या देणारी बाई प्रत्येक "श" ला सुई टोचल्यासारखी वाटायची. कागद बरा.

आता माझा खरा राग. डबा उघडला. आत दोन ड्रायव्हर, चार स्टिकर, तीन भाषांतलं वॉरंटी कार्ड, कंपनीचा लोगो असलेली कीचेन. गॅस्केट नाही! ड्रायव्हरची पत्र्याची रिंग आणि डॅशचं प्लास्टिक यांच्यामध्ये बसणारी फोमची गोल पट्टी, तीच नाही. ३,४०० च्या मालात दोन रुपयांचा फोम द्यायला यांचा हात आखडतो, आणि कीचेन मात्र देतात. ही हौस म्हणून मागत नाही. कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे हवा ओढली जाते. रिंगच्या कडेने फट राहिली की पुढची हवा मागे पळते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. तोटा खालच्या आवाजात सर्वात जास्त, म्हणजे नेमका जिथे पुरुषाचा आवाज भरतो तिथे.

खोटं वाटत असेल तर करून बघा. जाळी काढली, ड्रायव्हर नुसता भोकात ठेवला, कीर्तन लावलं. आवाज पत्र्याच्या डब्यातून येतो तसा. मग दोन्ही हातांची बोटं रिंगच्या कडेने गोल दाबून धरली आणि महाराजांना छाती फुटली. बोटं सैल केली, परत पत्रा. मी हे घरच्यांना इतक्या वेळा दाखवलं की आता मी जाळीला हात लावला की लेक गाडीतून उतरते.

गोलाणी मार्केटमध्ये गॅस्केट विचारलं तर स्क्रू दाखवतात. शेवटी कुलर दुरुस्त करणाऱ्याकडे मिळाली, मागे चिकट असलेली काळी फोमची पट्टी, ३० रुपयांत अख्खी गुंडाळी. घेताना तुकडा पाण्यात पिळून बघा. पाणी पीत असेल तर ठेवून द्या, त्यातून हवाही जाते. पाणी न पिणारा, बंद छिद्रांचा फोम हवा. कंपनीला मेल केला की निदान डब्यात हे द्या. उत्तर आलं, "आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे." दोन रुपयांपेक्षा कमी मोलाचा असणार.

जोडणीत एकच गोष्ट सांभाळा. दाराचा ४ ओहम आणि हा ४ ओहम एकाच चॅनलवर समांतर जोडले की प्लेअरला जिथे दोघंही वाजतात तिथे २ ओहम दिसतो, आणि उन्हाळ्यात प्लेअर स्वतःच बंद पडतो. मी मागच्या दारांचे स्पीकर सोडवले आणि ते चॅनल डॅशला दिले. मागे बसतं कोण? फायदा असा की फेडर (पुढचा-मागचा आवाज कमीजास्त करणारं बटण) फिरवला की डॅश आणि दार यांचा मेळ जागेवर बसतो, आणि प्लेअरमधला हायपास, म्हणजे खालचे सूर अडवणारी सेटिंग, मागच्या चॅनलला वेगळा लावता येतो.

तो हायपास माझ्या प्लेअरमध्ये २०० हर्ट्झपर्यंतच जातो. सुरुवातीला वाटलं पुरेल. आवाज वाढवला की तबल्याच्या डग्ग्यावर कोन इतका हलायचा की नजरेने दिसायचा. तेवढ्याच आवाजासाठी एक सप्तक खाली गेलं की कोनाला चौपट अंतर हलावं लागतं, आणि या पिल्लांची हलण्याची हद्द मिलिमीटरमध्ये. म्हणून खालचे सूर अडवायला तारेत कॅपॅसिटर. ३०० हर्ट्झला ४ ओहमसाठी साधारण १३३ मायक्रोफॅरड लागतो, तोही नॉन-पोलर, म्हणजे अधिक-वजा टोक नसलेला. मार्केटमध्ये कॅपॅसिटर म्हटलं की पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा पुढे करतात, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात तोच उडतो. मी २२० चे दोन साधे घेतले, वजा टोकं एकमेकांना जोडली. दोन मिळून नॉन-पोलर ११०, म्हणजे साधारण ३६० हर्ट्झ. खर्च नगण्य. त्यानंतर डग्गा दारात गेला आणि वर नुसता गळा राहिला. श्रावणात कानबाईच्या सणाला धुळ्याला जाताना अहिराणी गाणी लावली होती. बाया काचेच्या पलीकडे, बोनेटवर बसून गाताहेत असं वाटलं. त्या दिवशी चार तारे ठरले होते.

मग हा मे. गाडी अमळनेरला दुपारभर उन्हात उभी. परत आलो तर स्टिअरिंगला हात लावता येईना, आणि सुरू केल्यावर डाव्या कोपऱ्यातून कागद फडफडल्यासारखा आवाज. भीती वाटली ती चुंबकाची. यात निओडिमियमचा चुंबक आहे, खोली कमी म्हणून मी तोच निवडलेला. साध्या ग्रेडच्या निओडिमियमची ताकद ८० अंशांच्या पुढे कमी व्हायला लागते, आणि काचेखालचं काळं प्लास्टिक आपल्याकडे किती तापतं ते हात ठेवणाऱ्याला कळतं. फेराइटच्या साध्या काळ्या चुंबकाला ही काळजी नाही, पण तो जाड, आणि माझ्या डॅशमध्ये मागे एसीचा पाइप आडवा येतो. तुमच्याकडे जागा असेल तर डोळे मिटून फेराइट घ्या.

सर्व्हिस सेंटरशी तीन आठवडे वाद घातला. फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, बिल पाठवा, आणि शेवटी तेच "उष्णता". म्हणून गावातल्या जुन्या स्पीकर रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याने कोनावर दोन्ही अंगठे सारखे ठेवून हलकेच आत दाबलं, कानाजवळ धरलं आणि म्हणाला, "कॉइल बरी शे भाऊ. फक्त टोपी सुटी गयी." मधल्या गोल टोपीचा गोंद अर्ध्या कडेला सुटला होता, चुंबक शाबूत. ब्रशने नवीन गोंद फिरवला, रात्रभर उलटा ठेवला, १५० रुपये. उजव्याचा गोंदही तपासून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर गाडी उन्हात लावली की आतून काचेला चंदेरी पडदा लावतो, आणि स्पीकर परत जसे होते तसे वाजताहेत. आवाजावर माझं मत चारचंच आहे. एक तारा सर्व्हिसचा कापला, अर्धा गॅस्केटचा. काहींना अर्धा जास्त वाटेल. त्यांनी बोटं दाबून ऐकावं.

पुढच्या मेसाठी एक सुटा ड्रायव्हर जवळ असावा असं वाटतं, पण कंपनी जोडीशिवाय विकत नाही. जळगाव-धुळ्यात कुणाकडे तीन इंची, ४ ओहम, कागदी कोनाचा एकटा पडून असेल तर कळवा, अर्ध्या किमतीत घेतो. गॅस्केट नसलं तरी चालेल, गुंडाळी अजून बरीच उरलीय.