फ्रंट लोड वॉशिंग मशिन १५ महिने वापरल्यावर – दुरुस्तीवाल्याच्या घरातला अनुभव

मी लातूरला राहतो, वॉशिंग मशिन, मिक्सर, ओव्हन, गिझर असली घरातली मशिनं दुरुस्त करायचं काम १७ वर्षं झाली करतोय. रोज दोन-तीन फोन तरी असे येतात की दादा नवीन मशिन घ्यायचंय, कुठलं घेऊ. इतके दिवस मी दुसऱ्यांची मशिनं उघडल्यावर जे दिसतं त्यावरनं सांगायचो, स्वतःच्या घरी मात्र जुनं सेमी ऑटोमॅटिकच चालू होतं. मग आईचे गुडघे लई दुखायला लागले, एका टबातनं दुसऱ्या टबात ओले कपडे उचलून टाकणं तिला जमेना, म्हणून ७ किलोचं फ्रंट लोड घेतलं. आता १५ महिने झाले, आठवड्याला पाच तरी धुणी होतात, त्यामुळं लिहितोय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते बहुतेक कंपन्यांच्या मशिनला लागू होतं आणि नाव दिलं की लोक नुसतं नावच बघतात.

फ्रंट लोड घेण्याचं दुसरं कारण पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ते आमच्या घरात कोणी विसरलेलं नाही, आई अजून तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालते. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी पाणी मोजलं. स्टुलावर बादली ठेवून त्यात ड्रेनचा पाईप धरला (पाईप खाली फरशीवर कधी सोडू नका, आतलं पाणी आपोआप निघून जातं आणि मशिन भरतच राहतं, अशा किती तक्रारींना मी गेलोय), पोरगं बादल्या बदलत होतं. १५ लिटरच्या साडेतीन बादल्या झाल्या, पूर्ण कॉटन सायकलला. जुन्या सेमीला दोन वेळा खळबळायचं धरून आठ-नऊ बादल्या आरामात जायच्या. शेवटच्या विसळणीचं पाणी बरंच स्वच्छ निघतं, त्यावर आमचा जिना आणि ओटा धुवून होतो.

बसवताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. फ्रंट लोडच्या मागच्या बाजूला तीन-चार लांब बोल्ट असतात, ट्रकमधनं येताना आतला टब हलू नये म्हणून टब त्यांनी बॉडीला आवळलेला असतो. ते काढूनच मशिन चालू करायचं. एका काकूंच्या घरी गेलो तर मशिन स्पिनला लागलं की बाथरूमच्या कोपऱ्यातनं दारापर्यंत चालत यायचं, तीन महिने त्या बिचाऱ्या वर हात दाबून उभ्या राहत होत्या, बोल्ट तसेच होते, तोवर एक शॉक ॲब्सॉर्बर कामातनं गेला होता. काढलेले बोल्ट फेकू नका, घर बदलताना परत लागतात.

पाण्याच्या प्रेशरचं पण बघून घ्या. बऱ्याच फ्रंट लोडला कमीत कमी ०.३ बार लागतं, म्हणजे टाकी नळाच्या साधारण दहा फूट वर पाहिजे. आमची टाकी गच्चीवर, बाथरूम वरच्या मजल्यावर, फरक जेमतेम पाच फूट, तिथं पाणी भरायलाच इतका वेळ लागायचा की मशिन एरर दाखवून थांबायचं. शेवटी मशिन खाली मोरीत आणलं आणि प्रश्न मिटला. सॉकेट १६ अँपिअरचं आणि अर्थिंग पक्कं पाहिजे. ओल्या हातानं दार उघडताना मुंग्या आल्यासारखं झालं तर बहुतेक वेळा अर्थिंगच नसतं, वायरमन बोलवा आणि तोवर प्लग काढून ठेवा.

धुण्याबद्दल खरं सांगायचं तर रोजचे कपडे, पोरांचे शाळेचे पांढरे शर्ट, टॉवेल एकदम चांगले निघतात, ४० डिग्रीला लावले तर कॉलरला हात लावावा लागत नाही. पण माझे कामाचे कपडे, ग्रीस लागलेले, ते आधी भिजवून ब्रश मारल्याशिवाय निघत नाहीत. गोधडी यात घालू नका, पाणी पिऊन इतकी जड होते की स्पिनला टब एका बाजूला आदळतो. १५ मिनिटांची क्विक सायकल फक्त घामाच्या कपड्यांना, बाकी कॉटनला सव्वा ते दीड तास धरा. आईला सुरुवातीला वाटायचं की एवढ्याशा पाण्यात कपडे निघणार कसे, ती दारासमोर पाटावर बसून काचेतनं बघत राहायची, आता स्वतःच लावते आणि पूजेला बसते.

आमच्याकडं बोअरचं पाणी, जड. आठव्या महिन्यात मी हीटर बाहेर काढून बघितला तर वर पांढरा थर, नखानं खरवडला तर चुन्यासारखे पापुद्रे निघाले. कस्टमरच्या घरी तीन-चार वर्षांच्या मशिनमध्ये हा थर करंगळीएवढा जाड बघितलाय, मग हीटर आतल्या आत तापून फुटतो आणि कधीकधी ट्रिप मारतो. उपाय स्वस्त आहे. किराणा दुकानात लिंबूसत्व मिळतं, १०० ग्रॅम रिकाम्या ड्रममध्ये टाकून ६० डिग्रीला सायकल लावायची, नंतर एकदा नुसत्या पाण्यानं विसळून घ्यायचं. मी दर दोन महिन्यांनी करतो. नळाला लावायचे ते छोटे फिल्टर मिळतात, ज्यात पांढरे मणी असतात, ते पाणी मऊ करत नाहीत, फक्त क्षार चिकटण्याचं प्रमाण कमी करतात, आणि मणी विरघळले की नवीन भरायला लागतात हे दुकानदार सांगत नाही.

आता मुख्य गोष्ट. घेताना दुकानात सगळे मोटरवर १० वर्षं वॉरंटी हे जोरात सांगतात. इतक्या वर्षांत मी इन्व्हर्टर मोटर जळालेली हातावर मोजण्याएवढी बघितलीय. जातं काय, तर कार्ड (म्हणजे मशिन चालवणारं आतलं सर्किट बोर्ड), ड्रेन पंप, दाराचं रबर, आणि जरा जुनं झालं की बेअरिंग. त्यातल्या एकावरही ती १० वर्षं नसतात. माझ्या मशिनचं कार्ड अकराव्या महिन्यात गेलं, संध्याकाळी लाईट ये-जा करत होती तेव्हा. वॉरंटीत होतं म्हणून पैसे लागले नाहीत पण कार्ड यायला बारा दिवस लागले, बारा दिवस बायकोनं हातानं धुणं धुतलं. मी जुनं कार्ड मागून घेतलं, घरी बघितलं तर पूर्ण कार्ड राळेसारख्या पदार्थात बुडवलेलं. त्यानं ओल, झुरळं, पाली यांपासून कार्ड वाचतं हे खरं आहे, पण आत एक छोटा पार्ट जरी गेला तरी तिथपर्यंत सोल्डरिंग गन पोचत नाही, पूर्ण कार्डच बदलायचं. वॉरंटी संपलेल्या घरांमध्ये याच कार्डासाठी चार हजारांपासून सात हजारांपर्यंत बिलं झालेली मी बघितलीत, आणि ते बिल हातात देताना मला बरं वाटत नाही.

त्याच्यापेक्षा वाईट म्हणजे टब. पूर्वीच्या फ्रंट लोडचा बाहेरचा टब दोन भागांत असायचा, कडेनं स्क्रू, ते काढले की बेअरिंग आणि ऑइल सील बदलून अर्ध्या दिवसात मशिन चालू. आता बऱ्याच मॉडेलचा टब प्लास्टिक वितळवून जोडलेला असतो, उघडतच नाही. बेअरिंगची किंमत काही शे रुपये, पण बदलायला पूर्ण टब घ्यायला लावतात. मी हॅक्सॉनं टब कापून, बेअरिंग बदलून, सिलिकॉन आणि बोल्ट लावून परत जोडलेत, चाललेत पण, तरी त्या कामाची गॅरंटी मी देऊ शकत नाही. माझ्या स्वतःच्या मशिनचा टब असाच जोडलेला निघाला. घेताना मी सेल्समनला विचारलं होतं, त्यानं हो हो उघडतो म्हणून सांगितलं. तुम्ही दुकानात विचारू नका, त्या कंपनीची मशिनं रोज उघडणाऱ्या माणसाला मॉडेल नंबर सांगून विचारा.

बघा, मिक्सरचं कपलर असतं ना, खालचं प्लास्टिकचं किंवा रबराचं चक्र, शेंगदाण्याचं कूट नाहीतर ओल्या खोबऱ्याचं वाटण अडकलं की ते झिजतं, तुटतं, पण मोटर वाचते. ते थोडक्या पैशांत मिळतं आणि पाच मिनिटांत बदलतं. वॉशिंग मशिनचं बेअरिंग असंच बदलता आलं पाहिजे एवढंच माझं म्हणणं आहे. डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारनं राईट टू रिपेअरचं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात घरगुती उपकरणं पण आहेत. पण पोर्टलवर माहिती असून भागत नाही, वस्तूच उघडेल अशी बनवली तर आमच्यासारख्यांना काम करता येईल.

टब उघडत नाही म्हणल्यावर तो जपणं एवढंच आपल्या हातात आहे. ड्रमच्या मागं ड्रमला धरून ठेवणारा तीन पायांचा ॲल्युमिनियमचा स्पायडर असतो, जास्त पावडर टाकली की न विरघळलेला गाळ त्यावर बसून धातू खातो. जड पाण्याला म्हणून काही जण धुण्याचा सोडा टाकतात, तो तर ॲल्युमिनियमला आणखी वाईट. मी एक लहान बूच लिक्विड टाकतो, फ्रंट लोडचंच, बास होतं. खालच्या फिल्टरमधनं १५ महिन्यांत दोन रुपयांची नाणी, सेफ्टी पिना आणि आईच्या जपमाळेचा एक मणी निघाला. धुणं झालं की रबराची घडी जुन्या बनियनच्या कापडानं पुसतो आणि दार चार बोटं उघडं ठेवतो, वास नाही, काळे डाग नाहीत. मशिनच्या खालून उंदीर जाऊ नये म्हणून जाळी पण मारलीय, वायरी कुरतडलेली मशिनं पावसाळ्यात हमखास येतात.

बेअरिंग बघायचं असेल तर दार उघडून ड्रमची वरची कड आतनं धरून वर उचलायची, ड्रम टक टक करत वेगळा हलला किंवा स्पिनला विमानासारखा आवाज आला तर समजायचं. माझा काल उचलून बघितला, अजून घट्ट आहे. वॉरंटीचे नऊ महिने राहिलेत, ते संपल्यावर काय होतंय ते परत लिहीन.