थारच्या पोटाखाली पत्रा: लोखंडी का अ‍ॅल्युमिनियम?

भावा, स्किड प्लेट (दगडापासनं इंजिन वाचवायला गाडीखाली लावतात तो पत्रा) टाकायचीच, पण कुठली यातच माझे दोन महिने गेले. तेवढ्याच जाडीला अ‍ॅल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, पण ते जाड घ्यावं लागतंय, म्हणजे तेवढी बचत होत नाही. गंजत नाही हे मात्र खरं, आणि गगनबावड्याचा पाऊस बघता ही काय बारकी गोष्ट नव्हं. पण राधानगरीकडच्या कच्च्या वाटेवर जांभ्या दगडाला गाडी टेकली की अ‍ॅल्युमिनियम खरवडतंय, दगडाला धरतंय, लोखंड कर्रर्र करत घसरून पुढं जातंय आणि पोचा आलाच तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात हातोड्यानं सरळ. मी लोखंडीच घेतली, कोटिंग उडालं की लगेच रंग मारतो. ऑइल काढायला भोक आहे का तेवढं बघ, माझ्या पहिल्या प्लेटला नव्हतं, दरवेळी सगळे बोल्ट खोला. बुलबारचं (पुढच्या बंपरवरचा लोखंडी गार्ड) विचारूच नको, २०१७ पासनं बंदी आहे.