माइलेज पडलं म्हणून घेतलेला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर: घ्या, पण त्यातल्या माइलेजच्या आकड्यावर जाऊ नका

५ पैकी साडेतीन स्टार. दीड कुठे कापला ते खाली येईलच.

वस्तू म्हणजे ते ईएलएम३२७ चिपवालं छोटं निळं डबडं, गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती फोनवर दाखवणारं, ऑनलाइन पाचशे ते हजारच्या मधे कुठेही मिळतं, स्टीअरिंगखाली १६ पिनचं पोर्ट असतं त्यात खोचायचं, फोनला ब्लूटूथने जोडायचं (पिन बहुतेक १२३४ नाहीतर ००००) आणि टॉर्क सारखं एखादं अ‍ॅप टाकायचं की झालं.

गाडी २०१३ ची पेट्रोल, रनिंग लाखाच्या पुढे. हायवेला १७ आरामात द्यायची ती १२-१३ वर आली. प्लग नवीन, एअर फिल्टर नवीन, इंजेक्टर क्लीनिंगचं बिल पण फाडून झालं, फरक काहीच नाही. बरं एअर फिल्टरचं पण उगाच म्हणतात, इंजेक्शनच्या गाडीत तो चोंदला तर पिकअप मरतो, माइलेजला फारसा धक्का बसत नाही कारण जेवढी हवा आत जाते तेवढ्याच मापाने ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल सोडतो. पण बिलात पहिली ओळ तीच असते!

तर स्कॅन मारला, बिघाडाचा कोड एकही नाही. चेक इंजिनचा दिवा पण कधी लागला नव्हता. बरेच जण इथेच स्कॅनर ड्रॉवरमधे टाकून एक स्टार देऊन मोकळे होतात. पण कोड सोडा, लाइव्ह डेटा (चालू इंजिनच्या सेन्सरचे आकडे) बघा, पैसे तिथे वसूल होतात.

कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) किती तापलंय तो आकडा लावून कात्रजच्या पुढे सातारा रोडला निघालो (फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या, चालवता चालवता आकडे बघू नका). इंजिन गरम झालं की हा आकडा साधारण ८५-९५ अंश सेल्सिअसच्या मधे थांबायला पाहिजे. माझा ६० च्या आसपास. मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की अजून खाली, आणि टोलच्या लायनीत उभं राहिलं की वर. डॅशबोर्डवर काटा नाही, फक्त निळा दिवा, तो थोडं कोमट झालं तरी विझतो, त्यामुळे कळणार कसं कोणाला.

म्हणजे इंजिन गरम होतच नव्हतं. थंड इंजिनला ईसीयू जास्त पेट्रोल पाजतो, ऑइल पण जाड राहतं, आणि हे हायवेवर सतत चालू. कारण म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकलाय किंवा जागेवरच नाही. माझ्या केसमधे दुसरं निघालं, आधीच्या एका मेकॅनिकने उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून तो काढूनच टाकला होता. विचारलं तर म्हणतो, "साहेब, आपल्याकडे नाय लागत तो, थंड देशातल्या गाड्यांना असतो." हे तुम्हाला निम्म्या गॅरेजमधे ऐकायला मिळेल आणि साफ चूक आहे, गाडी तापत असेल तर रेडिएटर चोंदलाय का, फॅन वेळेवर लागतो का, कूलंटच्या जागी नळाचं पाणी भरलंय का ते बघायचं. नवीन थर्मोस्टॅट काही शे रुपयांत आला, सोबत कूलंट बदलून घेतलं, आकडा आता ८८ च्या आसपास टिकतो आणि माइलेज १५ च्या वर गेलं.

१७ नाही आलं परत, आणि त्याचं उत्तर पण थोडंफार याच डबड्यात दिसतं. लाँग टर्म फ्युएल ट्रिम म्हणून एक आकडा असतो, ईसीयू ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय की कमी करतोय ते. माझा प्लस ६-७ दाखवतो. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, इथेनॉलमधे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी आणि त्यात ऑक्सिजन असल्यामुळे ईसीयूला जास्त सोडावं लागतं, तर जुन्या गाडीत एवढं प्लस दिसलं म्हणून लगेच गॅरेजला पळू नका. प्लस १५-२० गेला तर मात्र कुठेतरी हवा लीक किंवा पेट्रोलचं प्रेशर कमी, आणि तेवढाच मायनस गेला तर इंजेक्टर गळतोय का, ऑक्सिजन सेन्सर गेलाय का ते तपासून घ्या.

आता कापलेले स्टार. अ‍ॅप जे माइलेज दाखवतं ते निव्वळ अंदाज आहे, ज्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर नाही तिथे तर ते मॅनिफोल्ड प्रेशरवरून (इंजिनात हवा जाते त्या पाइपातल्या दाबावरून) गणित लावतं आणि मला तर उतारावर ४० वगैरे पण दाखवलंय, छान वाटतं बघायला. खरं मोजायचं तर टाकी ऑटो कटपर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, परत त्याच पंपावर ऑटो कटपर्यंत भरायची आणि भागाकार करायचा. दुसरं, कनेक्शन मधेच तुटतं. बाजारात सगळे क्लोनच (मूळ चिपच्या नकला) आहेत, त्यात व्हर्जन २.१ लिहिलेले जास्त त्रास देतात, १.५ वाला शोधा, अर्थात डब्यावर काय छापलंय आणि आत काय आहे याची गॅरंटी कोणीच देत नाही. गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर काढून ठेवा, बॅटरी थोडी थोडी खातो.

ब्रेक जाम असेल, टायरमधे हवा कमी असेल, क्लच घसरत असेल तर यात दिसणार नाही. ते फुकटात बघता येतं, थोडं चालवून चारही रिमजवळ हात न्या, एखादा जास्त तापलेला असेल तर तिथे ब्रेक धरून बसलाय.

आयफोनवाल्यांनी हा साधा ब्लूटूथवाला घेऊ नका, जोडलाच जात नाही, वायफायवाला किंवा बीएलई (ब्लूटूथ लो एनर्जी) लिहिलेला घ्या. आणि कोणाकडे अजून कार्बोरेटरवाली जुनी मारुती ८०० असेल तर राहू द्या, तिला हे पोर्टच नसतं, तेवढ्या पैशात कार्बोरेटर साफ करून ट्युनिंग करून येईल.