चार्टप्लॉटर की कागदी चार्ट?

नागपूरहून सुट्टीत कोकणात शिडाची बोट चालवायला जाणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच.

सोयीत प्लॉटर (बोटीची जागा पडद्यावरच्या सागरी नकाशावर, म्हणजे चार्टवर, दाखवणारं यंत्र) पुढे. कागदावर मेहनत आहे: दर तासाला बोटीच्या जागेची पेन्सिलीनं खूण, अंतर कडेच्या अक्षांशपट्टीवरच मोजायचं (१ मिनिट म्हणजे १ सागरी मैल, १८५२ मीटर). खालच्या रेखांशपट्टीवर मोजलंत की चुकलंच.

खरा धोका झूमचा. झूम कमी केला की पडद्यावरचे खडक गायब होतात. २०१४ मध्ये ‘वेस्टास विंड’ ही शर्यतीची बोट हिंदी महासागरात अशीच प्रवाळावर चढली. त्यामुळे आखलेला मार्ग पूर्ण झूम करून, टोकापासून टोकापर्यंत तपासाच. कागदावर सगळं एकदम दिसतं, मात्र चार्टमधल्या सुधारणा हातानं कराव्या लागतात.

वीज गेली की प्लॉटर संपला.

दिवसाच्या छोट्या फेरीला प्लॉटर आणि चार्ज केलेला फोन पुरे. रात्री किंवा अनोळखी किनाऱ्यावर जाताना देहरादूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाचा चार्ट सोबत हवाच.