चार घरांची इमारत आणि दरमहा हजार डॉलरची असोसिएशन फी

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोजवळच्या एका वसाहतीत आम्ही भाड्याने देण्यासाठी चार घरांची जुनी इमारत, म्हणजे फोरप्लेक्स, घेतली. तिथल्या असोसिएशनच्या, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीसारख्या संस्थेच्या, सेवेबद्दल हे लिहीत आहे. फी घरटी २५० डॉलर, म्हणजे दरमहा १,००० डॉलर आहे आणि चारही घरांचे मिळून भाडे ६,००० डॉलर येते.

वर्षाला १२,००० डॉलर गेले, की सहा टक्के परताव्याच्या हिशेबाने इमारतीची किंमत आपल्यापुरती दोन लाख डॉलरनी उतरते, कारण दोन लाखांचे सहा टक्के म्हणजेच १२,०००. मात्र पाणी, कचरा, बागकाम, छप्पर आणि बाहेरची रंगरंगोटी या फीतच येते. आमच्या दुसऱ्या, असोसिएशन नसलेल्या इमारतीत याच कामांना महिन्याला सरासरी ७०० डॉलर लागतात, त्यामुळे खरा जादा भार ३०० डॉलरचाच धरायला हवा. बागकाम आणि कचऱ्याची व्यवस्था उत्तम आहे, हेही नमूद केले पाहिजे.

आमची चूक झाली ती राखीव निधीच्या, म्हणजे मोठ्या दुरुस्त्यांसाठी फीतून साठवलेल्या पैशांच्या, बाबतीत. कॅलिफोर्नियात असोसिएशनला किमान तीन वर्षांतून एकदा प्रत्यक्ष पाहणी करून या निधीचा अभ्यास करावा लागतो. विक्रेत्याकडून आलेल्या कागदांत तो अहवाल होता. आम्ही फक्त फीचा आकडा पाहिला, पुण्यात फ्लॅट घेताना मेंटेनन्स विचारावा तसा. निधी गरजेच्या निम्माही नव्हता आणि दुसऱ्याच वर्षी छपरांसाठी स्पेशल असेसमेंट, म्हणजे फीव्यतिरिक्त जादा वर्गणी, आली. छप्पर बदलण्याचा तो खर्च करात एकदम वजा होत नाही, साडेसत्तावीस वर्षांत विभागावा लागतो. व्यवस्थापनाला हिशेब मागितला, तर उत्तर यायला दीड महिना लागला, ही मला गंभीर उणीव वाटते.

सर्वांत महत्त्वाची बाब मला खरेदीनंतर उमगली. सर्वसाधारण परिस्थितीत संचालक मंडळ सभासदांच्या मतदानाशिवाय फी वर्षाला २० टक्क्यांपर्यंत वाढवू शकते, पण २०१९ च्या भाडेकरू संरक्षण कायद्यामुळे आमच्यासारख्या पंधरा वर्षांहून जुन्या इमारतीचे भाडे महागाईच्या दरावर पाच टक्के, आणि काही झाले तरी दहा टक्क्यांपलीकडे वाढवता येत नाही. म्हणून या वसाहतीत कुणी इमारत पाहत असेल, तर त्याने गेल्या पाच वर्षांतील फीवाढ आणि सभांची इतिवृत्ते मागून घ्यावीत आणि त्यानंतरच किमतीची बोलणी सुरू करावीत.