५८ सीसीचा चेनसॉ सरपणासाठी: मशीन ठीक, पण चेन स्वतः निवडा

वेगवेगळ्या नावांचे स्टिकर लावून सगळीकडे मिळणारं ५८ सीसीचं, २२ इंची बारचं (बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) पेट्रोल मशीन. ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यात पावसात पडलेला गुलमोहर आणि सोनमोहर, शिवाय मुरबाडकडच्या शेतघरांवरची सुबाभूळ, आंबा, बाभूळ असं सगळं त्यावर कापून झालं आहे. इंजिनाबद्दल तक्रार नाही. सोबत आलेला बार आणि चेन मात्र सरपणाच्या कामाला चुकीचे आहेत.

आधी बार. सरपणाचा ओंडका क्वचितच फुटाच्या वर जाडीचा असतो, त्याला १८ इंच भरपूर झाले. २२ इंची बारचं टोक ओंडक्याच्या पलीकडे मातीत घुसतं आणि क्षणभर माती लागली तरी चेनची धार जाते. शिवाय पुढचं वजन वाढून मनगट दुखतं ते वेगळंच. आता १८ इंची बार कायमचा चढवला आहे. मोठा बुंधा आला तर दोन्ही बाजूंनी कापायचा.

चेन घेताना इंच सांगू नका. दुकानदार इंचावरून अंदाजाने देतो आणि चेन सैल किंवा आखूड निघते. तीन गोष्टी सांगायच्या: पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या दातांची जाडी) आणि ड्राइव्ह लिंक, म्हणजे त्या दातांची संख्या. या मशीनला .३२५ इंच पिच, .०५८ इंच गेज (साधारण १.५ मिमी) लागतं; २२ इंचाला ८६ लिंक, १८ इंचाला ७२. तरी बारच्या बुडाशी कोरलेले आकडे वाचा आणि जुन्या चेनच्या लिंक मोजून खात्री करा. आकडे पुसले गेले असतील तर लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून निम्मं करा, तो पिच. १.३ मिमीची चेन १.५ च्या खाचेत बसते, फिरतेही, पण डुलते आणि काप तिरका जातो.

आता दाताचा प्रकार. सोबत आलेली चेन फुल चिझल, म्हणजे चौकोनी टोकदार कोपऱ्याची होती. स्वच्छ, ओल्या लाकडात ती झपाट्याने उतरते. पण आपल्याकडचं सरपण स्वच्छ कुठे असतं? सालीत चिखल, रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे आणि रोषणाईचे खिळे, वाळकी बाभूळ म्हणजे तर दगडच. कोपरा एकदा गेला की चेन कापायचं सोडून घासायला लागते. सेमी चिझल, गोलसर कोपऱ्याची चेन घेतल्यावर वेग थोडा कमी झाला, पण धार कितीतरी जास्त टिकते आणि कानशीने परत येते. कार्बाइड टोकाची चेन मातकट लाकडाला चांगली म्हणतात, पण ती साध्या कानशीला दाद देत नाही, डायमंड व्हील लागतं, आणि खिळा लागला तर टोक तुटतं. घरगुती सरपणाला तो खर्च वाया.

धार गेल्याची खूण भुशात दिसते. चिप्स पडत असतील तर ठीक. पिठासारखा भुसा पडला की थांबा. दाबून कापत राहिलात तर बार तापतो, क्लच झिजतो. .३२५ ला ४.८ मिमीची गोल कानस लागते. दाताच्या माथ्यावरच्या तिरक्या खुणेशी समांतर, ३० अंशांत, आतून बाहेर, फक्त पुढे ढकलताना घासा. कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या वर राहिला पाहिजे. प्रत्येक दाताला सारखेच हात, तीन किंवा चार. आधी एका बाजूचे सगळे दात, मग दुसऱ्या. काप एका बाजूला वळत असेल तर एका बाजूचे दात आखूड किंवा बोथट झालेत. तीन-चार वेळा धार लावली की दातापुढचा उंचवटा, त्याची उंची मोजायची पट्टी ठेवून, सपाट कानशीने दाताच्या माथ्यापेक्षा ०.६५ मिमी खाली आणायचा. जास्त घासलात तर चेन लाकडात अडकून हिसका देते. उतरलेली उंची परत मिळत नाही.

बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला तर मशीन उलटं अंगावर येतं. म्हणून टोकाने कापायचं नाही. ओंडका जमिनीवर असेल तर पाऊण कापून फिरवा, नाहीतर लाकडी घोडी वापरा. ओंडका उभा चिरताना भुशाऐवजी लांब तारा निघतात आणि स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणात गच्च बसतात. दर टाकीला झाकण उघडून साफ करा.

बारला जळकं इंजिन ऑइल घालू नका, त्यातला धातूचा कचरा पंप खातो. बार ऑइल नसेल तर नवं २०डब्ल्यू-४० चालतं. मशीन पळवून टोक पुठ्ठ्यासमोर धरा. तेलाची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली. पंपावरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं, म्हणून महिन्यापेक्षा जुनं मिश्रण भरू नका. ठेवण्याआधी टाकी रिकामी करून मशीन बंद पडेपर्यंत चालवा. चोकवर चालतं आणि रेस दिली की मरतं, असं झालं तर आधी टाकीतला फिल्टर बघा, मग कार्बोरेटरचा डायाफ्राम, म्हणजे आतला पातळ पडदा.

सोसायटीच्या आवारातच कापायचं असेल तर हे मशीन घेऊ नका, आवाजाने शेजारी खाली येतील. २००० वॅटचं वायरवालं, १६ इंची मशीन पुरतं. त्याला बहुधा ३/८ इंच पिचची लो प्रोफाइल (बुटक्या दातांची), १.३ मिमी गेजची चेन आणि ४ मिमीची कानस लागते. लांब एक्स्टेन्शन २.५ चौरस मिमी तारेची आणि १६ अँपियर प्लगची हवी, बारीक तारेवर मोटर तापते. उभं झाड मात्र महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे.

नवी मुंबईत खाडीकाठी राहणाऱ्यांनी चेन बारवर ठेवून पावसाळा काढू नये, लिंक गंजून जाम होतात. काढा, रॉकेलने धुवा, वाळवा आणि बार ऑइलमध्ये बुडवून बंद डब्यात ठेवा. परत चढवताना बार उलटा करा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतील.